एका पत्त्यासाठी नवं बिल्ड, नव्या बिल्डसाठी नवं ऑडिट : माझा अनुभव

रिअ‍ॅक्टचं ॲप सरकारी सर्व्हरवर चढवायचं असेल तर कोडला हात लावण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या. सुरक्षा ऑडिट कोणत्या बिल्डचं (म्हणजे कोडवरून तयार झालेल्या अंतिम फाइलींचं) होणार आणि लाइव्ह कोणतं जाणार? दोन्हींचं उत्तर एकच असेल तर डॉट ईएनव्ही फाइलींच्या, म्हणजे सर्व्हरनिहाय सेटिंग ठेवायच्या फाइलींच्या, भरवशावर राहू नका. मला हे आधी कोणी सांगितलं नाही, त्याची चीड अजून गेलेली नाही.

काम नागपुरातल्याच एका कार्यालयाचं. अर्ज, पावती, शोध, एवढंच. आयटी पार्कात बसून आम्ही ते वेळेत संपवलं. डेव्हलपमेंट, स्टेजिंग (चाचणीचा सर्व्हर) आणि प्रॉडक्शन (लाइव्ह सर्व्हर), तिघांच्या वेगळ्या डॉट ईएनव्ही फाइली. व्हीटला, म्हणजे बिल्ड करणाऱ्या टूलला, बिल्ड करताना मोड स्टेजिंग सांगितला की तो स्टेजिंगची फाइल उचलतो, काहीच नाही सांगितलं की प्रॉडक्शनची. सगळं सुरळीत.

गाडी अडली ती ऑडिटनंतर. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या ऑडिटरने स्टेजिंगवरचं ॲप तपासलं, दोष काढले, आम्ही दुरुस्त केले, प्रमाणपत्र आलं. त्यात बिल्डचा शा-२५६ हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा त्याचा ठसा, छापलेला. म्हणजे लाइव्हवर जाणार ते हेच बिल्ड, आणि त्याच्या पोटात एपीआयचा (ॲप जिथून माहिती मागवतं त्या सेवेचा) पत्ता स्टेजिंगचा!

कारण साधं आहे. ब्राउझरला तुमची डॉट ईएनव्ही फाइल कधी दिसतच नाही. कोडमध्ये 'इम्पोर्ट डॉट मेटा डॉट ईएनव्ही' लिहून जे मागवता, त्या जागी व्हीट बिल्डच्या वेळीच खरा मजकूर चिकटवून टाकतो. पत्ता बदलला की जेएस फाइलीचा मजकूर बदलतो, मजकुरावरून ठरणारं तिचं नावही बदलतं, आणि हॅश तर बदलतोच.

मे महिन्याच्या उन्हात सिव्हिल लाइन्स गाठून मी हे सर्व्हर सांभाळणाऱ्या साहेबांना समजावत होतो.

"साहेब, फक्त पत्त्याची एक ओळ बदलली आहे."

"एक असो का हजार, हॅश जुळत नाही ना जी. मी कसा चढवू?"

माणूस बरोबर बोलत होता, म्हणून जास्तच राग येत होता. मग त्यांनीच उपाय सुचवला, की इथेच फाइल नोटपॅडमध्ये उघडा अन् पत्ता बदलून टाका. मी म्हटलं, त्यानेही हॅश बदलेल. ते म्हणाले, "मंग तुमचं तुम्ही पाहा बाप्पा."

त्यानंतर बदल-विनंतीचा फॉर्म. त्यात बदलाचे प्रकार तीनच: नवीन सुविधा, दोष दुरुस्ती, सुरक्षा. कॉन्फिगरेशन नावाची गोष्ट जगात असते, हे फॉर्म बनवणाऱ्याच्या गावी नाही. दोष दुरुस्तीवर खूण केली तर फॉर्म परत आला, "दोष होता तर ऑडिटमध्ये काहून नाही निघाला?" नवीन सुविधेवर खूण केली तर वरच्या साहेबांची मंजुरी लागते, आणि वरचे साहेब दौऱ्यावर. कूलरसमोरच्या बाकावर बसून मी त्या तीन चौकटींकडे बघत राहायचो.

शेवटी पत्ताच बिल्डमधून बाहेर काढला. व्हीटच्या पब्लिक फोल्डरमधल्या फाइली जशाच्या तशा कॉपी होतात, त्यांच्या नावाला हॅश चिकटत नाही. तिथे 'कॉन्फिग डॉट जेसन' ठेवली. ॲप सुरू होताना आधी ती फेच करायची, पत्ता वाचायचा, मगच रेंडर. या बिल्डचं पुन्हा ऑडिट करावं लागलं, ते टळलं नाही. पण या वेळी सोबत परिशिष्ट जोडलं, "सर्व्हरनिहाय बदलणारी फाइल: ही एकच", आणि हॅश तिला वगळून काढायला लावला. साहेबांनी ते वाचलं आणि म्हणाले, "हे पहिलेच दिलं असतं तं झालं नसतं का भाऊ?" मी हसलो. काय बोलणार!

तुमचा एपीआय त्याच डोमेनवर असेल तर यातलं काहीच नको. स्लॅश एपीआय असा सापेक्ष पत्ता लिहा, प्रत्येक सर्व्हरवर एनजिन्एक्स हा वेब सर्व्हर ते योग्य जागी पाठवेल. आमचा एपीआय दुसऱ्या विभागाच्या डोमेनवर होता, आणि प्रॉक्सी (म्हणजे आपल्या सर्व्हरने विनंती तिकडे पुढे पाठवायची सोय) मागायची तर फॉर्म वेगळा.

हो, आणि ती जेसन फाइल सर्व्हरवर खरंच पोचली का ते उघडून बघा. सिंगल पेज ॲपसाठी एनजिन्एक्सला बहुतेकदा सांगून ठेवलेलं असतं की फाइल सापडली नाही तर इंडेक्स पान दे. त्यामुळे फाइल नसतानाही स्टेटस २०० येतो, आणि कन्सोलमध्ये जेसनच्या जागी '<' सापडल्याची ओरड. फोनवर मला "२०० येऊन राहिला, फाइल आहे" असंच ठामपणे सांगितलं गेलं. या एका फाइलीसाठी वेगळा लोकेशन ब्लॉक लिहा, नसेल तर सरळ ४०४, आणि कॅशेला नो-स्टोअर. नाहीतर पत्ता बदलूनही लोकांच्या ब्राउझरात जुनाच राहील.

गुप्त किल्ल्या यात ठेवायच्या नाहीत. व्हीट उपसर्गाच्या व्हेरिएबलमध्येही नाहीत. जे ब्राउझरात जातं ते कोणीही वाचू शकतं. डॉट ईएनव्हीतून येणारी प्रत्येक किंमत स्ट्रिंग असते, म्हणून तिथला 'फॉल्स' हा जावास्क्रिप्टला खराच वाटतो. जेसनमध्ये निदान हा ताप नाही.

आणखी एक, लाइव्हच्या दिवशीच आठवलेली गोष्ट. ऑडिटरच्या सांगण्यावरून सीएसपी हेडर (पानाला कुठून काय आणता येईल ते ब्राउझरला सांगणारा) लावला असेल तर त्याच्या कनेक्ट-एसआरसी या जोडण्यांच्या यादीतही एपीआयचा पत्ता असतो. तो एनजिन्एक्सच्या फाइलीत, आपल्या हाताबाहेर. जेसन बरोबर, हॅश बरोबर, आणि ब्राउझर एकही कॉल जाऊ देत नव्हता. सुदैवाने तो हेडर बदलायला फॉर्म लागत नाही, फोन पुरतो.