जहाज खरंच शिडांवर चालतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. भूमध्य समुद्रातून शिडाच्या जहाजाने फिरून आल्यापासून जो भेटेल तो हेच विचारतो. मोबाइलवरचे फोटो बघून होतात, पाच डोलकाठ्या मोजून होतात, आणि मग आवाज थोडा खाली आणून प्रश्न येतो: "पण खरं सांगा, हे शिडांवर चालतं की आत इंजिन असतं आणि शिडं नुसती शोभेला?"

इंजिन असतं. बंदरात शिरताना, बंदरातून निघताना, वारं पडल्यावर आणि ठरलेल्या वेळेला गाव गाठायचं असेल तेव्हा इंजिनच चालतं. दिवे, एसी आणि समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र यांच्यासाठी जनरेटर तर रात्रंदिवस सुरू असतो. मी वहीत रोज टिपून ठेवत होते. सात दिवसांत इंजिन थांबवून केवळ शिडांवर गेलो ते सगळे तास जोडले, तरी पुरा एक दिवस-रात्र भरत नाही. पण शिडं शोभेची नाहीत. त्या थोड्या तासांसाठीच मी गेले होते, आणि पुन्हा जायचं झालं तर त्यांच्यासाठीच जाईन.

जहाजाचं नाव रॉयल क्लिपर. ते २००० साली समुद्रावर आलं. लांबी १३४ मीटर, शिडं ४२, प्रवासी सव्वादोनशेच्या आसपास. पाचही डोलकाठ्यांवर चौकोनी शिडं असलेलं जहाज याआधी जगात एकच झालं होतं, जर्मनांचं प्रॉयसेन. ते १९०२ मध्ये बांधलं आणि १९१० मध्ये इंग्लिश खाडीत एका आगबोटीशी टक्कर होऊन डोव्हरजवळ कायमचं अडकलं. खरं तर शिडाच्या जहाजाला वाट देणं हे आगबोटीचं काम. पण शिडावरचं जहाज इतक्या वेगाने येत असेल हे त्या लोकांच्या ध्यानातच आलं नाही आणि ते त्याच्या समोरून निघाले. ही गोष्ट मला जहाजावरच कळली, आणि त्यानंतर मी कुणी 'शोभेची शिडं' म्हटलं की आधी प्रॉयसेनचं सांगते.

आम्ही चिवितावेक्कियाहून निघालो. रोमहून ट्रेनने तासाभरावर हे बंदर आहे. आज तिथे दहा-बारा मजली क्रूझ जहाजं रांगेने उभी असतात, त्यामुळे गाव दिसायच्या आधी बाल्कन्याच दिसतात. पण हे बंदर सम्राट त्रायानने दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतलं, आणि ते बांधलं जात असताना पाहणाऱ्या माणसाचं पत्र उपलब्ध आहे. रोमन लेखक धाकटा प्लिनी लिहितो की रुंद होड्यांतून प्रचंड दगड आणून बंदराच्या तोंडाशी एकावर एक टाकत आहेत, त्यांची पाठ आता पाण्याबाहेर दिसू लागली आहे, लाटा तिच्यावर आपटून फुटतात, आणि काळ जाईल तसं ते आपोआप उगवलेलं बेट वाटू लागेल. धक्क्यावर सामानाच्या रांगेत उभी असताना मला ते पत्र आठवत होतं.

संध्याकाळी इंजिनावरच बाहेर पडलो. उघड्या समुद्रावर आल्यावर आडव्या काठ्यांमधून एकेक शीड खाली उतरायला लागलं. आता वर चढून शिडं सोडावी लागत नाहीत, चौकोनी शिडं यंत्राने गुंडाळली आणि सोडली जातात. दोर मात्र अजून खलाशीच सांभाळतात, आणि त्यांच्या तळहातांचे घट्टे बघितले की त्यात किती मेहनत आहे ते कळतं. मी डेकवर चहाचा कप घेऊन बसले होते. कपातल्या चहावर सारखे बारीक गोल उठत होते, ते एकदम थांबले. तेव्हा लक्षात आलं की इंजिन बंद झालंय. मग जहाज जरासं कलंडलं आणि तसंच राहिलं. रात्री केबिनमध्ये दाराजवळ अडकवलेला हँगर भिंतीपासून चार बोटं सुटून लटकत होता. पुढे आठवडाभर शिडं भरली आहेत की नाही हे मी त्या हँगरवरून ओळखायला शिकले.

मी कोल्हापूरची, पण आजोळ देवगडचं. तिथे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात जात नसे. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, हे आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. रोमन लोकांचाही समुद्र बंद व्हायचा, फक्त हिवाळ्यात. व्हेजेशियस नावाच्या लेखकाने तारखाच दिल्या आहेत: ११ नोव्हेंबर ते १० मार्च समुद्र बंद, आणि निर्धास्त जावं असे दिवस २७ मे ते १४ सप्टेंबर. ५ मार्चला इसिस देवीच्या नावाने सजवलेलं जहाज पाण्यात सोडून ते हंगामाची सुरुवात करत. त्यांची नारळी पौर्णिमाच ती. आम्ही सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघालो होतो, म्हणजे त्यांच्या हिशेबाने अगदी शेवटच्या चांगल्या दिवसांत.

पोन्झा बेटावर एक दिवस गेला. चंद्रकोरीसारखं बंदर, फिकट गुलाबी-पिवळी घरं, खडकात कोरलेले रोमन काळातले मासे पाळायचे हौद. सुंदर आहे, पण मला तिथली रात्र जास्त लक्षात आहे. भूगोलाच्या पुस्तकातला मतलई वारा जमिनीकडून हळूच आला आणि नांगरावरचं जहाज आपलं तोंड गावाकडे फिरवून उभं राहिलं.

मग नेपल्सचं आखात. इथे थोडं थांबून सांगायला हवं.

चौकोनी शिडांच्या जहाजाला वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही. वारा जिथून येतो त्या दिशेपासून साधारण ६० अंश बाजूला राहूनच पुढे सरकता येतं. पाठीमागून वारा आला की मात्र त्याच्यासारखं सुख नाही. त्या सकाळी वारा पश्चिमेचा होता आणि आम्हाला पूर्वेला जायचं होतं. डावीकडे इस्किया, उजवीकडे काप्री आणि समोर व्हेसुव्हियस ज्वालामुखी. इंजिन बंद. पाच डोलकाठ्यांवरची शिडं पोट भरल्यासारखी फुगलेली.

डावीकडे इस्कियाच्या पलीकडे मिसेनोचं टोक. इथे रोमन आरमाराचा तळ होता. इ. स. ७९ च्या उद्रेकात त्या धाकट्या प्लिनीचा मामा, थोरला प्लिनी, इथूनच गलबतं घेऊन व्हेसुव्हियसकडे गेला आणि परत आला नाही. त्या टोकाच्या आड पोत्सुओली, म्हणजे जुनं पुतेओली. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाहून धान्याची जहाजं इथे यायची. सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने एका पत्रात लिहिलंय की धक्क्यावरच्या गर्दीला ही जहाजं लांबूनच ओळखू यायची. काप्री ओलांडल्यावर बाकीच्या जहाजांना वरचं छोटं शीड उतरवावं लागे, अलेक्झांड्रियाच्या जहाजांना तेवढी ते ठेवायची मुभा होती. मी मान वर करून आमची वरची शिडं बघितली, मग काप्री बघितलं. पुस्तकात वाचताना ते वाक्य मी सहज ओलांडून गेले होते. इथे मला तो धक्का आणि ती माणसं दिसायला लागली.

आणि कोल्हापूर आठवलं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा रोमन काळातल्या काशाच्या वस्तू सापडल्या. त्यांत पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, मूर्ती आहे. वीतभरही नसेल. टाऊन हॉल म्युझियममध्ये शाळेच्या सहलीत मी ती पहिल्यांदा पाहिली आणि बाईंना विचारलं होतं, "हा आपल्याकडे कसा आला?" आला तो याच वाटेने. इकडचा माल अलेक्झांड्रियाला, तिथून तांबड्या समुद्राच्या बंदरांत, आणि पुढे मोसमी वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या पोथीत कल्याण, सोपारा आणि चौल ही आपली बंदरं नावानिशी आहेत, आणि भरूचला इटलीची वाइन जास्त पसंत करतात असंही त्यात लिहिलं आहे. नेवाशाला त्या वाइनच्या रांजणांच्या खापऱ्या सापडल्या. नेपल्सच्या परिसरात घडवलेल्या अशा रांजणांच्या मातीत काळे कण असतात. ती समोरच्या व्हेसुव्हियसची राख-वाळू. बाईंना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी पस्तीस वर्षांनी कठड्याला टेकून बघत होते.

हे मोठ्या क्रूझवरून दिसलं नसतं का? डोंगर आणि बेटं दिसलीच असती. पण ती जहाजं वाऱ्याशी काही देणंघेणं नसल्यासारखी जातात, आणि ही गावं वाऱ्यामुळेच तिथे आहेत. हवा तो वारा येईपर्यंत थांबायला आडोसा हवा, प्यायला पाणी हवं, नांगर धरेल असा तळ हवा. ते जिथे मिळालं तिथे बंदर झालं. सिसिलीतली ग्रीकांची पहिली वसाहत, नाक्सोस, इ. स. पू. ७३४ मध्ये ताओर्मिनाच्या पायथ्याशी वसली. तिथे अपोलोची वेदी होती, आणि सिसिलीहून समुद्रमार्गे निघणारे यात्रेचे दूत आधी तिथे पूजा करत. आम्ही त्याच उपसागरात नांगर टाकला. वरच्या ग्रीक नाट्यगृहात सगळे गेले, मीही गेले, पण मला खालचा उपसागरच पुन्हा पुन्हा बघावासा वाटत होता.

अमाल्फीचंही तसंच. पाठीशी सरळ उभे कडे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गाडीरस्ताच नाही. आज बसने येणारा माणूस गावात मागच्या दाराने शिरतो. समुद्रावरून आलं की गाव तुमच्याकडे तोंड करून उभं असतं. पायऱ्या चढून गेलं की कॅथेड्रलचा काशाचा दरवाजा लागतो. अकराव्या शतकात तो कॉन्स्टँटिनोपलमध्ये ओतवून घेतलेला आहे. एवढ्याशा खाचेतल्या गावाने तिकडून दरवाजा मागवावा! १३४३ च्या वादळात खालचा भाग समुद्राने नेला. गलबतं बांधायच्या जुन्या गोदीच्या कमानी अजून आहेत, पण अर्ध्याच.

मेसिनाच्या सामुद्रधुनीत शिडं गुंडाळली आणि इंजिन लावलं. सर्वांत अरुंद जागी जेमतेम तीन किलोमीटर पाणी, आणि प्रवाह दिवसातून चारदा दिशा बदलतो. होमरच्या महाकाव्यात खलाशांना गिळणारे सिला आणि कॅरिब्डिस हे राक्षस ते इथलेच. एक तलवारमाशाची होडी शेजारून गेली. तिची डोलकाठी होडीपेक्षा उंच, आणि टोकावरच्या पिंजऱ्यातून एक माणूस मासा शोधत होता.

तुम्हाला जायचं असेल तर तीन गोष्टी सांगते. जहाजावर लिफ्ट नाही, गुडघे दुखत असतील तर विचार करा. आणि लाट आडवी असली तर एखादं बंदर वगळतात. आमचं लिपारी गेलं. शाकाहारी माणसाची अजिबात आबाळ होत नाही.

लिपारी वगळल्यामुळे शेवटच्या रात्री वेळ हातात होता, म्हणून कप्तानाने स्ट्रॉम्बोलीजवळून शिडांवर जायचं ठरवलं. हा ज्वालामुखी थोड्या थोड्या वेळाने लाल उसासा टाकतो, म्हणून त्याला भूमध्य समुद्राचं दीपगृह म्हणतात. डेकवर रत्नागिरीकडचा एक खलाशी होता. पहिल्या दिवशी मला मराठीत फोनवर बोलताना ऐकून तो स्वतःहून येऊन बोलला होता. त्या रात्री दोराची वेटोळी घालत तो म्हणाला, "ताई, खाली झोपलेल्यांनासुद्धा कळतं बघा इंजिन थांबल्याचं. कूस बदलतात." पुन्हा एकदा डोंगराचं टोक लाल झालं, आणि खालच्या शिडाच्या कडेवर तो उजेड क्षणभर दिसला.

मी उशिरा झोपायला गेले. हँगर चार बोटं सुटून लटकत होता. पहाटे कधीतरी तो भिंतीला टेकून खडखडायला लागला, आणि डोळे न उघडताच मला कळलं, वारं पडलं.