हात कुठे ठेवू?

"आता मी हात कुठे ठेवू?" आमची अंगठी बोटात घालून बसलेल्या बाईंनी आज विचारलं. मला पटकन उत्तरच सुचलं नाही.

कॉम्प्युटरच्या माऊसऐवजी वापरायची वायरलेस अंगठी आहे. आत जायरोस्कोप (बोट किती वळलं ते मोजणारा सेन्सर), ब्लूटूथ आणि इवलीशी बॅटरी. बोट वळलं की कर्सर वळतो. त्यांनी फाइल उघडली, अगदी सहज उघडली. मग कपाळावरचे केस मागे सारले, आणि कर्सर थेट कोपऱ्यात. त्यानंतर हात हवेतच अवघडून धरलेला, भरलेला पेला धरावा तसा.

गेले दोन महिने मी वेगळ्याच गोष्टीशी झगडतेय. बोट स्थिर असलं तरी जायरोस्कोपची बारीकशी चूक साचत जाते आणि कर्सर हळूहळू सरकतो. मला वाटायचं, सगळ्यात अवघड हेच.

साधा माऊस बघा. १९६४ च्या सुमारास डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी पहिला बनवला, तोही लाकडी खोक्यात. तो सोडता येतो, हे मला आज खरं कळलं. हात काढा, कर्सर जागच्या जागी. उचलून दुसरीकडे ठेवा, तरी हलत नाही. अंगठी मात्र बोटातच राहते.

उद्या कडेला स्पर्श ओळखणारी पट्टी लावून बघणार आहे. अंगठा टेकलेला असेल तेवढाच वेळ कर्सर हलेल. पण दिवसभर अंगठा टेकवून तो दुखला तर? आणि ज्यांचा अंगठाच नीट वळत नाही, त्यांनी काय करायचं?

तुमच्यापैकी कोणी असं काही वापरलंय का?