डाळीच्या डब्यातली चिल्लर

परवा भर दुपारी मंडईत लिंबे घेतली आणि वीस रुपयांसाठी शंभराची नोट पुढे केली, तर विक्रेत्या मावशींनी "सुट्टे नाहीत, स्कॅन करा," म्हणत कोथिंबिरीच्या जुड्यांना टेकवलेला क्यूआर कोडचा पुठ्ठा माझ्याकडे वळवला. पैसे पोचल्याचे त्यांच्या डबीने इतक्या खणखणीत आवाजात जाहीर केले की माझ्या लिंबांची किंमत आजूबाजूच्या चार गाळ्यांनाही समजली.

या सोयीबद्दल माझी तक्रार नाही. सुट्ट्या पैशांवरून पुणेकर आजवर जेवढे भांडले, तेवढे पाण्यावरूनही भांडले नसतील. उरलेल्या रुपयाऐवजी हातावर गोळी ठेवणाऱ्या दुकानदाराला पुढच्या खेपेस तीच गोळी रुपया म्हणून द्यावी, अशी माझी फार जुनी इच्छा होती. ती आता अपुरीच राहणार.

सुट्ट्यांची खरी चिकाटी मी आईकडे पाहिली. पीएमटीच्या बसमध्ये कंडक्टरकडे सुट्टे नसले, की तो तिकिटाच्या मागे बाकीचा आकडा लिहून देई आणि "उतरताना घ्या," म्हणून पुढे जाई. मग आईचे लक्ष खिडकीबाहेर राहत नसे. स्वारगेटहून शिवाजीनगरला जाताना ती डेक्कनपासूनच उभी राही, मला एका हाताने ओढत गर्दीतून कंडक्टरपर्यंत पोचे आणि ते तिकीट त्याच्यासमोर धरून बारा आणे वसूल केल्याखेरीज खाली उतरत नसे. मला त्या वेळी तिची लाज वाटे.

ते बारा आणे कुठे जात, हे मला बऱ्याच उशिरा कळले. बाबांना दाखवायच्या हिशोबाच्या वहीत बसभाडे पूर्ण रुपयांत लिहिले जाई आणि वरची चिल्लर तूरडाळीच्या डब्याच्या तळाशी पडे. पुरेशी साठली की वाणी तिच्या बदल्यात नोटा देई, कारण त्यालाही सुट्टे हवेच असत. 2011 च्या 30 जूनला चार आण्यांचे नाणे कायमचे बाद झाले, तेव्हा तिला फारसा फरक पडला नाही. 2016 च्या 8 नोव्हेंबरला मात्र पडला. दुसऱ्या दिवशी तिने डाळ परातीत ओतली आणि पिशवीत गुंडाळलेल्या पाचशेच्या नोटा बाबांसमोर ठेवल्या, कारण बँकेच्या रांगेत त्यांनाच उभे राहावे लागणार होते. बाबांनी नोटा दोनदा मोजल्या आणि "बरेच आहेत," एवढेच म्हणाले. त्या नोटा ज्या खात्यात गेल्या, त्याचे पासबुक बाबांच्याच कपाटात असे.

आता बाबा नाहीत. यूपीआयमध्ये 2024 पासून सर्कल नावाची सोय झाली आहे. तिच्यामुळे आई तिच्या मोबाइलवरून पैसे देते आणि ते माझ्या खात्यातून जातात. तिने भेळ घेतली, देवळात अकरा रुपये दिले, रिक्षाने मावशीकडे गेली, की त्याच क्षणी मला निरोप येतो. मी तिला कधीही काही विचारलेले नाही. तरीही गेल्या महिन्यापासून ती माझ्याकडे थोडे पैसे रोख मागू लागली आहे, आणि तेही शक्यतो सुट्टे.