बाथ, बेबिंका आणि थंडगार पोर्ट : गोव्यातला गोड फेरफटका

गोव्यात गोड खायचं असेल तर किनाऱ्याचा पट्टा सोडून आत शिरा. कळंगुटच्या दुकानांत डब्यात बंद मिळणारी बेबिंका (नारळाच्या दुधाचा थराथरांचा गोड केक) आणि गावातल्या घरी भाजलेली बेबिंका यांचं नातं आडनावापुरतंच आहे. आम्ही डिसेंबरच्या सुरुवातीला गेलो. तेव्हा घराघरांत नाताळच्या फराळाची, म्हणजे कुस्वाराची तयारी चालू असते, आणि नाताळातल्या गर्दीची अजून सुरुवात झालेली नसते.

उतरलो करमळी रेल्वे स्टेशनला. तिथून जुनं गोवं जवळ, आणि जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं दिवाडी बेट. बेटावर हॉटेलांची गर्दी नाही, त्यामुळे एखाद्या घरातली खोली आधी ठरवूनच जा. खोली ठरवतानाच विचारा, ‘घरी काही भाजता का?’ बहुतेक ठिकाणी उत्तर हो येतं, पण साहित्य आणायला त्यांना एक दिवस द्यावा लागतो.

आमच्या घरमालकीण आंटींनी बाथ, म्हणजे रवा-खोबऱ्याचा केक, करून दाखवला. बेबिंकाचं नाव सगळीकडे, पण घरी करायचा पदार्थ म्हणाल तर तो बाथच. पाव किलो रवा, तेवढंच खवलेलं खोबरं, तेवढीच साखर, त्याच्या निम्म्यानं लोणी, तीन अंडी, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा बेकिंग पावडर. खोबरं मिक्सरमधून बारीक काढायचं, पण पाणी घालायचं नाही. लोणी-साखर फेसून त्यात एकेक अंडं, मग रवा-खोबरं. एवढं झाल्यावर आंटींनी भांड्यावर ताटली ठेवली आणि म्हणाल्या, “आतां रातभर भिजूंक जाय.” खरी गोम इथेच आहे. रवा फुगला नाही तर बाथ दाताखाली कचकचतो. सकाळी मिश्रण इतकं घट्ट झालं होतं की चमचा उभा राहत होता. ते डब्यात थापून वरून मिश्रणाच्याच वळ्या करून आडव्या-उभ्या जाळीसारख्या लावल्या आणि 180 अंशांवर पाऊण तास. कड तांबूस झाली, मधे सुरी घालून कोरडी निघाली, की झालं. पूर्वी हे डबे गावच्या पोदेराच्या (पाव भाजणाऱ्याच्या) लाकडाच्या भट्टीत जायचे, पाव निघाल्यावर उरलेल्या धगीवर. ती चव ओव्हनला नाही, असं आंटींचं ठाम मत. आमचं पोट भरलेलं असल्यानं वाद घातला नाही.

बोलिन्हासही याच घराण्यातली, रवा-खोबऱ्याची बिस्किटं. वर काट्यानं चौकड्या मारलेल्या. टिकतात भरपूर, म्हणून प्रवासात न्यायला तीच बरी.

बेबिंकाचा एकेक थर वरून विस्तव देऊन भाजतात. पहिला तांबूस झाल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही. किमान सात थर. म्हणून अर्धा दिवस जातो आणि म्हणूनच घरची बेबिंका स्वस्त नसते. 2023 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे लेबलं वाढली. लेबलापेक्षा काप बघा: गडद आणि फिकट थर वेगळे दिसले पाहिजेत, नारळाचा आणि जायफळाचा वास आला पाहिजे. एकसारखा तपकिरी, रबरासारखा तुकडा असेल तर परत ठेवा.

बेकरीच हवी असेल तर पणजीत फोंतेन्याशमधली ‘31 द जानेरो’ गाठा, तीही सकाळी. दुपारी जाऊन काचेच्या रिकाम्या कपाटाचे फोटो काढण्यात अर्थ नाही.

आता पोर्ट, म्हणजे गोड लाल वाइन. गोव्याच्या पोर्टचं पोर्तुगालच्या दोऊरू खोऱ्यातल्या पोर्टशी नातं नावापुरतं. गोव्यात द्राक्षबागा नाहीत, द्राक्षं येतात महाराष्ट्र-कर्नाटकातून. वाइनचे जाणकार नाक मुरडतात, मुरडू द्या. ही गोडमिट्ट लाल वाइन एकटी प्याल तर दुसऱ्या ग्लासात कंटाळा येईल. फ्रिजमध्ये चांगली गार करून, लहान ग्लासात, बाथाच्या तुकड्याबरोबर घेतली तर मात्र खोबऱ्याचा तुपट स्निग्धपणा कापते. बेबिंकाबरोबर मला ती नको वाटली, गोडावर गोड होतं. बेबिंकाला काळी कॉफी बरी. काही घरांत आल्याची किंवा बिटाची वाइन निघते. समोर आली तर चाखा, मागत फिरू नका. काजूच्या बोंडांच्या रसाची हंगामी दारू, हुर्राक, प्यायचा असेल तर मार्च ते मे मध्ये या, डिसेंबरात तो मिळत नाही.

बाटल्या घरी न्यायचा मोह होतो, कारण गोव्यात दारू स्वस्त. पण गोवा बनावटीची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि बांद्याजवळ इन्सुली नाक्यावर गाड्या तपासतात. सोडा तो नाद. प्यायची ती तिथेच प्या. परतीच्या पिशवीत बोलिन्हास आणि बेबिंका भरा. बेबिंका बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट डब्यात ठेवा, घरी आल्यावर फ्रिजमध्ये. खाताना काप तव्यावर मंद आचेवर जरा गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये दहा सेकंदांपेक्षा जास्त ठेवलात तर तूप सुटून ताटलीत येतं.