पाचवी नदी काय घावंना

सोमवार, रात्री अकरा

पोरीचा पंचगंगेचा प्रोजेक्ट आज एकदाचा झाला. खरं तर शुक्रवारीच झालेला, म्हणजे मीच मोबाईलवर सर्च मारून दोन पानं प्रिंट काढून दिली, वर कव्हर बिव्हर लावून, म्हटलं विषय संपला. तर शनिवारी शाळेतल्या लायब्ररीच्या मॅडमनी ती पानं बघून एवढंच विचारलं, "हे कुठनं आणलंस?" पोरगी म्हणाली नेटवरनं. "नेटवर कुणी लिहिलंय?" गप्प. (मला विचारलं असतं तर मीपण गप्पच.)

रागावल्या नाहीत म्हणे. जिल्ह्याचा नकाशा टेबलावर पसरला आणि म्हणाल्या, पाच नद्या बोटानं दाखव. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती सापडल्या, सरस्वती काय घावंना. अख्खी सुट्टी नकाशावर पालथी, डबा तसाच घरी आला. संध्याकाळी शुक्रवार पेठेत आजीकडं गेल्या गेल्या पहिला प्रश्न तोच. आजी म्हणाली, "अगं ती गुप्त हाय."

आज हे मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "लिही की, पण आजीनं सांगितलं असं लिही. आणि नकाशात मिळाली नाही तेपण लिही."

मग पुराची फाईल काढली. २०१९ च्या पेपरांची कात्रणं त्यांनी स्वतः चिकटवून ठेवलीत. इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३, आणि त्या ऑगस्टात पाणी पार ५५ च्या वर. दोन कात्रणांत आकडे वेगवेगळे बघून पोरगी गोंधळली, कुठलं खोटं? मॅडम म्हणाल्या आधी तारखा बघ. एक आदल्या दिवसाचं होतं, दुसरं नंतरचं. दोन्ही खरी!

गेल्या वर्षी लायब्ररीचा तास काढून स्कॉलरशिपच्या गणिताला दिला तेव्हा पालकसभेत मान हलवणाऱ्यांत मीपण होतो. पुस्तकं काय घरी पण वाचता येतात, असं बोललो होतो वर. आता आठवलं की कसंतरीच होतंय.

मी काढलेल्या प्रिंट रद्दीत गेल्या. नवीन प्रोजेक्ट हातानं लिहिलाय, अक्षर तिरकं, दोन ठिकाणी खाडाखोड. शेवटच्या पानावर माहिती कुठनं घेतली ते लिहिलंय:

१) जिल्ह्याचा नकाशा
२) पेपरची कात्रणं, ऑगस्ट २०१९
३) आजी, शुक्रवार पेठ (तोंडी)