अंतरपाटाची पलीकडची बाजू

मँचेस्टरला येऊन चार वर्षं झाली. त्यातले गेले दोन उन्हाळे मी शनिवारी लग्नांना जाते, तेही कोणाची पाहुणी नसताना. सेकंड शूटर म्हणून. म्हणजे मुख्य फोटोग्राफरच्या हाताखालचं माणूस: कॅमेरा दुसरा, बाजू दुसरी, आणि अल्बमवर नाव त्याचं. इथे या कामातला पहिला धडा म्हणजे कोणाला दिसायचं नाही. काळे कपडे, मऊ तळाचे बूट. चर्चमध्ये तर पाद्री आधीच बजावतात, फ्लॅश नको आणि त्या खांबाच्या पुढे यायचं नाही.

यंदा मे महिन्यात तीन आठवडे घरी आले होते. आमचं गाव मालवण तालुक्यात, आचऱ्याजवळ. मालवणात स्टुडिओ असलेल्या भाऊंनी माझ्या भावाच्या मुंजीपासून आमच्या घरचे सगळे फोटो काढलेत. त्यांच्या मदतनीस पोराचा पाय प्लास्टरमध्ये, आणि लग्न दोन दिवसांवर. भाऊ आईकडे आले. "तुमचां चेडू विलायतेत फोटो काढता मा? माका एक दिवस द्या." आईने मला न विचारता दिला.

खरं कारण वेगळं होतं, ते नंतर कळलं. व्हकल, म्हणजे नवरी, सजते त्या खोलीत भाऊंना उंबऱ्याच्या आत जाता येत नाही. इतकी वर्षं ते दारातून दोन फोटो काढून परत फिरायचे. केसात वेणी माळताना, आजी नथ अडकवताना, हे त्यांच्या कुठल्याच अल्बममध्ये नव्हतं.

त्या खोलीत एसी होता. सकाळभर तिथे फोटो काढले आणि बाहेर खळ्यात, म्हणजे अंगणात, आले तर लेन्स पांढरी. मे महिन्यातली समुद्राकाठची दमट हवा थंड काचेवर बसली. मला हे ठाऊक असायला हवं होतं, कारण मँचेस्टरला डिसेंबरात हेच उलटं होतं: बाहेर गोठलेला कॅमेरा तापलेल्या हॉलमध्ये नेला की धुकं. तिथे मी कॅमेरा बॅगेत बंद ठेवून आधी हॉलच्या हवेला येऊ देते. इथे आपलं घर म्हणून बहुतेक अक्कल सुटीवर गेली. काच पुसत राहिले, धुकं परत येत राहिलं. भाऊंनी काही न बोलता पिशवीतला दुसरा कॅमेरा माझ्या हातात दिला आणि माझा घेऊन पडवीत ठेवला. "ऱ्हवांदे थंयच. धा मिन्टां."

मग भाऊंनी वर बोट दाखवलं. मांडवावर निळी ताडपत्री, तिच्याखाली गुलाबी झालरी. अशा मांडवात फ्लॅश छताकडे वळवला की सगळे वऱ्हाडी गुलाबी येतात, आणि फ्लॅश मारलाच नाही तर निळे. तिकडच्या हॉलांना पांढरी छतं असतात, त्यामुळे हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. भाऊंनी आदल्या रात्री मांडववाल्याला गाठून नवरा-नवरीच्या डोक्यावर तेवढं पांढरं कापड मारून घेतलं होतं. दहा बाय दहा फूट असेल. अख्ख्या लग्नात तेवढ्याच जागेत माणसं माणसांच्या रंगाची दिसत होती.

मला मँचेस्टरला लग्नाआधी यादी येते. कोणकोणाचे ग्रुप फोटो, कुठल्या क्रमाने, आणि खाली एक ओळ: वधूच्या आई आणि वडिलांना शेजारी उभं करू नये. भाऊंकडे यादी नव्हती. पण काजूच्या बागेवरून न बोलणारे दोन चुलते एकदाही एका फ्रेममध्ये आले नाहीत, आणि एकाचेही फोटो दुसऱ्यापेक्षा कमी झाले नाहीत. कसं जमवलं विचारलं तर म्हणाले, "गावात ऱ्हवाचां हा माका."

अदृश्य राहण्याचा माझा धडा इथे पहिल्या पाच मिनिटांत निकालात निघाला. "कोणाची गो तू? घोव खंय तुझो? आधी जेव, फोटो मागसून काढ." पाठीवर हात, हातात सरबत, आणि त्याच हातात कॅमेरा.

लग्न लागण्याआधी तुळशीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, घालून झालं. गावातले एक आजोबा घालत होते. लगीन बिनइघ्नाचां होवंदे, व्हय म्हाराजा. इल्यागेल्याचां बरां होवंदे, व्हय म्हाराजा. मग त्यांची नजर आमच्यावर गेली. "आनि हे जे फोटोवाले इले हत, तेंच्या मशिनींका काय एक होवक देव नको रे म्हाराजा." सगळं खळं ओरडलं, व्हय म्हाराजा. मीही ओरडले.

मुहूर्त साडेबाराचा. भाऊ म्हणाले, "मी व्हकलेकडे. तू न्हवऱ्याची बाजू धर. माझ्याकडे बघू नको."

अंतरपाट धरला की एका माणसाला दोन्ही चेहरे मिळतच नाहीत. मध्ये कापड असतं. म्हणून तर दुसरा फोटोग्राफर लागतो. इंग्लंडमध्ये 4 मे 2021 पासून लग्नाची नोंद कागदी रजिस्टरऐवजी संगणकात होते, तरी सहीचा फोटो हवा म्हणून जोडपी शोभेच्या कागदावर पेन टेकवून बसतात, आणि नीट आला नाही तर परत टेकवतात. अंतरपाट परत धरा असं कोणाला सांगणार?

मंगलाष्टकं लांबली. दर सावधानला अक्षता. माझ्या कॅमेऱ्याच्या बटणांच्या फटीत लाल तांदूळ जाऊन बसले. मी कानाने वाट बघत होते. 'तदेव लग्नं' सुरू झालं की शेवटचं कडवं, हे लहानपणापासून ठाऊक. तेव्हा चपला शोधायला निघायचो, आता बोट दाबून धरलं. नवरा घामाने निथळलेला, एक मुंडावळी भुवईला चिकटलेली. कापड खाली आलं तेव्हा त्याने तिच्याकडे बघितलंच नाही. डोळे मिटलेले होते, अक्षता डोळ्यांत जाऊ नये म्हणून. मग एक डोळा उघडला.

तो फोटो भाऊंना दाखवायला संध्याकाळी स्टुडिओत गेले. दोन्ही कार्डं संगणकात टाकली, वेळेनुसार लावली, आणि नवरा हळद लावून बसलाय, पुढच्या फोटोत अंतरपाट पडतोय, त्याच्या पुढच्यात पुन्हा हळद. माझा कॅमेरा ब्रिटिश वेळेवर होता. साडेचार तास मागे. मँचेस्टरचा माझा साहेब लग्न सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना एकाच फोनच्या घड्याळाचा फोटो काढायला लावतो, तो नेमका याचसाठी.

साडेचार तास पुढे सरकवूनही जुळेना. घड्याळ वर दोन-अडीच मिनिटं चुकत होतं. शेवटी भाऊंनी त्यांचा अंतरपाट पडतानाचा फोटो उघडला, शेजारी माझा. त्यांच्यात व्हकल, माझ्यात नवरा, आणि दोन्हींत कोपऱ्यातून वर आलेला एका पोराचा हात, मूठ अर्धी उघडलेली, तांदूळ नुकते सुटलेले. तेवढ्या मुठीवर दोन्ही कॅमेऱ्यांची वेळ बसवली आणि सगळं लग्न रांगेत उभं राहिलं.

मी कानकोंडी होऊन म्हटलं, भाऊ, गाऱ्हाण्यात तर सांगितलं होतं ना.

"तेंनी मशीन सांगल्यानी," भाऊ म्हणाले, "घड्याळ खंय सांगल्यानी?"