शेवग्याची वाळकी फांदी

मागच्या पावसाळ्यात वाऱ्यानं आमच्या परड्यातल्या शेवग्याची एक फांदी मोडली. पूर्ण खाली आली नाही, अर्धी मोडून तिथंच वाळली. आईचं रोजचं एकच, "अरं काप ती, कुणाच्या तरी डोक्यात पडंल." मी आज करतो उद्या करतो म्हणत दिवाळी गेली, संक्रांत गेली आणि फेब्रुवारीत एका सकाळी परड्यात ब्रश करत उभा होतो तर वरून धुण्याच्या दगडावर बारीक भुसा पडायला लागला.

वर बघितलं तर तांबट पक्षी. चिमणीपेक्षा थोडासाच मोठा, हिरवागार, कपाळावर लाल टिळा, गळा पिवळा आणि पाय पण लालभडक. फांदीच्या खालच्या अंगाला उलटा चिकटून बसलेला आणि टकटक चालू. याचा टुक टुक टुक आवाज आमच्या साताऱ्यातल्या गोडोलीत उन्हाळाभर ऐकतोय, दुपारी सगळं सामसूम असताना कुणीतरी तांब्याच्या भांड्याला ठोके देतंय असं वाटतं, नाव पण त्यावरूनच पडलंय, पण हे महाराज इतक्या जवळून कधी दिसले नव्हते. आठ-दहा दिवस नर-मादी आळीपाळीनं कोरत होते. भोक खोल झाल्यावर अख्खं अंग आत जायचं, मग चोचीत भुसा घेऊन डोकं बाहेर यायचं, मानेला एक झटका, परत आत. भोक एकदम गोल, औषधाच्या बाटलीच्या बुचापेक्षा जरासं मोठं. आणि फांदीच्या खालून कोरलेलं, म्हणजे वळवाचा पाऊस आला तरी पाणी आत जायला नको. कोण शिकवतं हो यांना हे!

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की तांबटाला हिरवं टणक लाकूड कोरता येत नाही, त्याला वाळलेली, मऊ पडलेली फांदीच लागते. आणि आपण काय करतो तर वाळकं दिसलं की तोडतो. तांबटानं सोडलेल्या ढोलीत पुढं चिमणी, दयाळ असे स्वतः कोरता न येणारे पक्षी राहतात, म्हणजे ती एक फांदी गेली की किती जणांची घरं गेली बघा.

पक्षी बघायचे म्हणजे गाडी काढून मायणीच्या तलावावर जायचं असं मला आधी वाटायचं. आता सकाळचा चहा घेऊन पंधरा मिनिटं मागच्या पायरीवर बसतो, मान वर केली की अजिंक्यतारा किल्ला आणि खाली परड्यात बुलबुल, साळुंक्या, होला, जास्वंदीवर शिंजीर, कधी भारद्वाज दिसला तर आई हात जोडते. दिसतील तेवढे मोजायचे आणि ईबर्ड नावाच्या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाकायचे. फेब्रुवारीत चार दिवस जगभर अशी परसातली पक्षीगणना होते, अमेरिकेत 1998 ला सुरू झाली, भारतातले लोक 2013 पासून भाग घेतात. गल्लीतली चार पोरं यंदा माझ्यासोबत बसली होती. याला टाइमपास समजू नका, 2023 मध्ये भारतातल्या 942 जातींच्या पक्ष्यांचा जो अहवाल आला ना तो अशाच साध्या तीस हजार लोकांनी केलेल्या नोंदींवर उभा आहे. ज्या 338 जातींची संख्या बऱ्याच वर्षांत वाढली की घटली हे काढता आलं त्यातल्या 60 टक्के जातींचे पक्षी कमी झालेत. हे वाचून त्या रात्री मला जेवण गोड लागलं नाही.

लोक विचारतात दाणे कुठले टाकू, फीडर कुठला घेऊ. टाका की, पण त्याआधी औषध फवारायचं थांबवा. चिमणी स्वतः दाणे खाती पण पिल्लांना सुरवातीला अळ्या-किडेच भरवती, अळीच नसेल तर तांदूळ टाकून पिल्लं जगत नाहीत. पाण्याचं भांडं मातीचं पसरट ठेवा, आत एक दगड ठेवा आणि रोज घासून पाणी बदला, हे घासायचं बरेच जण विसरतात आणि मग त्याच पाण्यातून रोग पसरतो.

एक चूक माझ्या हातून झालीय ती सांगतोच. दोन वर्षांपूर्वी लिंबाची छाटणी करताना न बघता कात्री चालवली आणि हातात आलेल्या फांदीला शिंपी पक्ष्याचं घरटं होतं. दोन पानं कडेनं भोकं पाडून कोळ्याच्या जाळ्यानं आणि कापसानं शिवलेली, आत तीन अंडी, एक फुटलेलं. फांदी परत झाडाला दोरीनं बांधली, दिवसभर लांबून बघत बसलो, जोडी आसपास ओरडत फिरली पण घरट्यावर काही बसली नाही. आता फेब्रुवारी ते सप्टेंबर कात्री हातात घेण्याआधी पान न् पान उलटून बघतो.

तांबटाची पिल्लं आता मोठी झालीत, परवापासून एक पोरगं भोकातून डोकं काढून बसतंय, आईबाप उंबराची फळं आणून भरवतात. आईनं धुण्याचा दगड सरकवून तिकडं नळाजवळ घेतलाय. काल छाटणीवाले दादा विचारायला आले तर मी बोलायच्या आत तीच म्हणाली, "बाकीचा शेवगा जूनमध्ये छाटा, ह्या वाळक्या फांदीला हात लावायचा नाही."